परदेशातून खाद्यमाल मागवताना: मराठवाड्यातल्या व्यापाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या डाळमिलवाल्यांना ब्रह्मदेशची तूर हवी असते, छत्रपती संभाजीनगरच्या दुकानदारांना रमजानच्या आधी खजूर हवा असतो. नांदेड-परभणीकडची नवी मंडळी चॉकलेट, पास्ता, ऑलिव्ह तेल याबद्दल विचारतात. माल वेगळा असला तरी अडचणी बहुतेक त्याच असतात, आणि फोन येतो तो कंटेनर न्हावा शेवाला उतरल्यावर. तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. लेबल छापून झालेलं असतं, एक्स्पायरी ठरलेली असते, पैसे गेलेले असतात. म्हणून पुढची बरीचशी उत्तरं ऑर्डर देण्याआधीच्या कामांबद्दल आहेत. शुल्काचे दर आणि बंधनं अधिसूचनेगणिक बदलतात, त्यामुळे सौदा करायच्या दिवशी ती ताजी पाहूनच घ्या.

माझं दुकान लहान आहे. मला थेट परदेशातून माल मागवता येईल का?

येईल. आयात करायला मोठी कंपनी लागत नाही, एकट्या मालकाच्या नावावरची पेढीही चालते. मात्र चार गोष्टी हातात हव्यात. पहिली आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. तो डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून मिळतो आणि तुमचा पॅन क्रमांकच तुमचा कोड असतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते, काही बदललेलं नसलं तरी. हे विसरलं की कोड बंद पडतो, आणि ते नेमकं माल बंदरात असताना लक्षात येतं.

दुसरा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना. इथे खूप जण चुकतात. तुमच्याकडे किराणा दुकानासाठी किंवा मिलसाठी घेतलेली राज्याची नोंदणी वा परवाना असेल, तर तो आयातीला चालत नाही. आयातदाराला केंद्रीय परवानाच लागतो, उलाढाल कितीही कमी असली तरी. तिसरा जीएसटी क्रमांक आणि चौथी एडी कोडची, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकशाखेच्या क्रमांकाची नोंद. तुमच्या बँकेकडून पत्र घेऊन ती कस्टमच्या आइसगेट प्रणालीत करायची.

हे सगळं असूनही माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी मुंबईच्या आयातदाराकडून माल घ्या. त्यासाठी आयातीचे हे कागद लागत नाहीत. तुमच्या गावात तो माल खरोखर खपतो का, कोणत्या महिन्यात खपतो, किती दिवस फळीवर पडून राहतो, हे कळू द्या. एका कंटेनरमध्ये पेढीचं सगळं भांडवल घालून धंदा शिकायला जाऊ नये.

ऑर्डर देण्याआधी नेमकं काय तपासायचं?

आधी मालाचा एचएस कोड. आठ आकड्यांच्या या कोडवर शुल्क ठरतं, आयातीला बंधन आहे का ते ठरतं, आणि कोणकोणत्या खात्यांची मंजुरी लागणार तेही. निर्यातदाराने त्याच्या देशातला कोड दिला तर तो डोळे झाकून घेऊ नका. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले.

मग आयात धोरण पाहा. काही माल खुला असतो, काही मर्यादित, आणि काही मालाला किमान आयात किमतीची अट असते. काजूगराचंच घ्या. २०१९ पासून अखंड काजूगर किलोला ७२० रुपये आणि तुकडा ६८० रुपये याच्या खाली आणता येत नाही. सफरचंदाला २०२३ मध्ये किलोला ५० रुपयांची अट लागली, भूतान सोडून. ‘तिकडे फार स्वस्त मिळतंय’ असं कोणी सांगितलं की आधी ही अट बघायची.

तिसरी गोष्ट, तो पदार्थ आपल्या मानकांत बसतो का. परदेशात राजरोस विकला जाणारा एखादा रंग किंवा संरक्षक (माल टिकवणारं द्रव्य) आपल्याकडे त्या पदार्थात चालत नसेल, तर तो माल आत येत नाही. निर्यातदाराकडून घटकांची पूर्ण यादी टक्केवारीसह मागवा आणि पदार्थाच्या वर्गानुसार एकेक घटक ताडून पाहा. आपल्याकडे ज्याला मानकच नाही असा नवा घटक असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार एफएसएसएआयची पूर्वपरवानगी लागते. ती हातात पडेपर्यंत पैसे पाठवू नका. वनस्पती तूप, मार्गारिन, बेकरीचं शॉर्टनिंग यांत ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे. बेकरीवाल्यांनी हा आकडा चाचणी अहवालात मागून घ्यावा.

लातूरच्या डाळमिलसाठी तूर आणायची आहे. काय काय लागतं?

आपल्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तूर येते मुख्यतः ब्रह्मदेश, मोझांबिक, टांझानिया आणि मलावीतून. मोंढ्यात लेमन, गजरी, अरुषा ही नावं रोज ऐकू येतात. केंद्राने मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली आणि त्यानंतर ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. जानेवारी २०२५ मधल्या निर्णयाने ती ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली. मोझांबिकशी वर्षाला २ लाख टन, मलावीशी ५० हजार टन आणि ब्रह्मदेशाशी तुरीसाठी १ लाख टनांचे, २०२५-२६ पर्यंतचे सरकारी करारही झाले. सौदा करताना चालू अधिसूचना आणि तिची शेवटची तारीख बघा, आणि ती तारीख जहाज भरण्याच्या तारखेला लागू आहे की बिल ऑफ एंट्रीला (कस्टमकडे भरायची आयातीची घोषणा), हे त्याच कागदात वाचून घ्या.

यात किती फरक पडतो ते पिवळ्या वाटाण्याने दाखवलं. डिसेंबर २०२३ मध्ये तो शुल्कमुक्त झाला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क बसलं. ज्यांच्या बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजात चढल्याची जहाज कंपनीची पावती) ३१ ऑक्टोबर किंवा त्याआधीची तारीख होती, ते सुटले. एका तारखेने टनामागे हजारो रुपयांचा फरक झाला. अशी सूट दिलेली नसेल तेव्हा साधा नियम असा, की बिल ऑफ एंट्री भरल्याची तारीख आणि जहाजाला प्रवेश मिळाल्याची तारीख, यांतली जी नंतरची, तिचा दर लागतो.

धान्य-कडधान्याला एफएसएसएआयखेरीज प्लांट क्वारंटाइनचीही, म्हणजे मालासोबत येणारी कीड आणि रोग रोखणाऱ्या खात्याचीही मंजुरी लागते. त्यासाठी माल निघतो त्या देशातल्या सरकारी यंत्रणेचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) आणि धुरीकरणाचा दाखला हवा. कोणत्या देशातलं कोणतं पीक, त्यावर आयात परमिट लागतं की नाही हे ठरतं, आणि त्याची यादी प्लांट क्वारंटाइनच्या २००३ च्या आदेशाच्या परिशिष्टांत आहे. परमिट लागत असेल तर ते माल जहाजात चढण्याआधी हवं. फायटोसॅनिटरीवर ज्या कीटकांचा उल्लेख हवा, तो नेमक्या शब्दांत हवा. निर्यातदाराला आपल्याकडची अट ईमेलवर पाठवा आणि सही होण्याआधी मसुदा मागवून वाचा.

चाचणीत कडधान्याला मुख्य भीती असते अफलाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीतून तयार होणाऱ्या विषाची. मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. त्याशिवाय कीटकनाशकांचे अंश, किडलेले दाणे, ओल. आफ्रिकेतून येणारा माल बरेच दिवस समुद्रावर असतो. कंटेनरच्या छताला घाम सुटतो आणि वरच्या थरातले कट्टे ओले होतात. माल भरताना कंटेनरला आतून क्राफ्ट पेपर लावून घेणं आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगणं, याचा खर्च किरकोळ आहे. तो सौद्यातच लिहून घ्या.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपली तूर डिसेंबर-जानेवारीत मोंढ्यात यायला लागते. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे वाण लावून, कोरडवाहूत, एका पावसाच्या भरवशावर शेतकऱ्याने ती पिकवलेली असते. ऐन आवकेत बाहेरचा माल उतरला की भाव त्याच्या डोळ्यांदेखत खाली येतो. आयात कायदेशीर आहे आणि मिल वर्षभर चालवायला ती लागतेही. तरीही ज्या मिलवाल्यांना जमतं त्यांनी परदेशी मालाची खेप मे ते ऑक्टोबर या काळात बसवावी. ज्या शेतकऱ्याची तूर आपण वर्षानुवर्षं घेतो, त्याचा एवढा विचार आपण करू शकतो.

सोयाबीन तेल, मका, सफरचंद यांना जनुकीय बदलाचं काही प्रमाणपत्र लागतं का?

एफएसएसएआयने २४ पिकांची यादी केली आहे. तिच्यात सोयाबीन, मका, गहू, तांदूळ, बटाटा, टोमॅटो, सफरचंद आहेत. १ मार्च २०२१ पासून या पिकांच्या खेपेसोबत, हा माल जनुकीय बदल न केलेल्या वाणाचा आहे, असं त्या देशातल्या सक्षम यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. चुकून मिसळलेल्या अंशाला १ टक्क्याची मुभा आहे. हे पिकांसाठी आहे, प्रक्रिया केलेल्या पदार्थांसाठी नाही.

तेलाचं शुल्कही सतत हलतं. कच्च्या सोयाबीन तेलावरचं एकूण शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झालं आणि ३० मे २०२५ ला १६.५ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे सोयाबीनच्या भावाची चर्चा या आकड्यांशिवाय होत नाही, म्हणून इथे दिले.

खजूर, खारीक आणि सुकामेवा आणताना काय सांभाळावं?

माल मुळात कुठला आहे, हे. खारीक पूर्वी मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानातून यायची. २०१९ मध्ये त्या मालावर २०० टक्के शुल्क लागलं आणि २ मे २०२५ पासून पाकिस्तानात तयार झालेला किंवा तिथून निघालेला कोणताही माल आणण्यावर पूर्ण बंदी आहे, थेट असो वा तिसऱ्या देशातून. दुबईत कंटेनर बदलून, कागद बदलून आलेली खारीक कस्टमने पकडली आहे. ‘अमिरातीचा माल’ म्हणून बाजारभावाहून बराच स्वस्त माल कोणी देऊ करत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. माल जप्त होतो, दंड होतो, पुढे प्रत्येक खेप उघडून तपासली जाते.

मुक्त व्यापार कराराखाली कमी शुल्काचा लाभ घ्यायचा असेल तर मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं. तेवढ्यावर मात्र भागत नाही. २०२० पासून आयातदाराकडेही माहिती असावी लागते: माल त्या देशात कसा पिकला वा बनला, कुठल्या निकषावर तो तिथला ठरतो. कस्टमने विचारलं आणि तुम्ही ‘निर्यातदाराला विचारून सांगतो’ म्हणालात, तर सवलत अडते.

सुकामेव्यात अफलाटॉक्सिन पुन्हा आहेच. पिस्ता, बदाम थेट खाण्याचे असतील तर किलोमागे १० मायक्रोग्रॅम, पुढे प्रक्रिया होणार असेल तर १५.

लेबलवर काय हवं? बाकी आम्ही इथे स्टिकर लावू ना?

सगळं नाही लावता येत, आणि सर्वाधिक माल इथेच अडकतो.

बिस्किटांचा एक डबा हातात घेतल्यासारखं करू या. पुढच्या बाजूला पदार्थाचं नाव आणि निव्वळ वजन. मागे घटक, वजनाच्या उतरत्या क्रमाने, रंग-संरक्षक त्यांच्या आंतरराष्ट्रीय आयएनएस क्रमांकासह, गहू, दूध, शेंगदाणा अशा ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची वेगळी ओळ, पोषणाचा तक्ता. मग बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरीची तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि मूळ देश. हे सारं इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत. डब्यावर फक्त अरबी, तुर्की किंवा थाई असेल तर तो परत गेलाच म्हणून समजा. या गोष्टी कारखान्यातूनच छापून आल्या पाहिजेत. एक्स्पायरीची तारीख किंवा बॅच क्रमांक इथे चिकटवता येत नाही, आणि छापलेल्या मजकुरावर स्टिकर मारून तो झाकताही येत नाही.

बंदरातल्या कस्टमच्या गोदामात स्टिकरने भागवता येतं ते एवढंच: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि तुमचा चौदा आकडी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, पदार्थाचा वर्ग आणि सर्वसाधारण नाव. स्टिकर एकच असावा आणि सहज निघणारा नसावा. शाकाहाराचं चिन्ह हिरव्या चौकोनात हिरवा गोल; मांसाहाराचं आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण आहे, जुना गोल नाही.

तारखेत एक बारीक खोच आहे. अमेरिकी कारखाने महिना आधी लिहितात. ०३/०७ म्हणजे त्यांच्यासाठी ७ मार्च आणि आपल्या अधिकाऱ्यासाठी ३ जुलै. पत्रात तुम्ही कितीही खुलासा केला तरी डब्यावर जे छापलं आहे तेच धरलं जातं. ऑर्डरमध्येच लिहा: दिवस, महिना, वर्ष या क्रमाने, आणि महिना अक्षरात असेल तर उत्तम.

छापण्याआधी लेबलचा नमुना मागवा आणि तो एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्या. या एका कामाने वाचणारे पैसे बाकी कशानेही वाचत नाहीत.

पॅकबंद मालावर वैध मापन शास्त्राचे, म्हणजे वजन-मापं खात्याचे नियमही लागतात: सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एककाची किंमत, आयातदाराचा पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. आयातदार म्हणून त्या खात्याकडे वेगळी नोंदणीही करायची असते.

६० टक्के शेल्फ लाइफ शिल्लक असावी लागते, हे खरं का?

अर्धंच खरं. नियम असा आहे, की मालाची ६० टक्के मुदत शिल्लक हवी किंवा एक्स्पायरीला तीन महिने उरलेले हवेत, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे एका वर्षाच्या बिस्किटाला ६० टक्के धरले तर सात महिने होतात, पण तीन महिने त्याहून कमी, म्हणून तीन महिने पुरतात. चार महिने टिकणाऱ्या पदार्थाचे ६० टक्के म्हणजे साधारण ७२ दिवस; ते तीन महिन्यांहून कमी, म्हणून तिथे ७२ दिवस. पाच महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या कुठल्याही मालाला व्यवहारात तीन महिन्यांचाच नियम लागतो.

कायद्याला तीन महिने चालले तरी तुमच्या बाजाराला चालतात का, हा हिशेब वेगळा. बंदरातून सुटका, ट्रक, इथलं गोदाम, मग बीड-हिंगोलीच्या दुकानात पोहोचेपर्यंत महिना जातो. चांगले दुकानदार दोन महिने उरलेला डबा घेत नाहीत, आणि घेतला तर भाव पाडून घेतात.

माल न्हावा शेवाला उतरल्यावर काय होतं?

जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. कागद सगळे तयार असतील तर आधीच भरून ठेवावी.

बिल ऑफ एंट्री भरली की एकखिडकी प्रणालीतून माहिती आपोआप एफएसएसएआयकडे आणि गरज असेल तर प्लांट क्वारंटाइनकडे जाते. एफएसएसएआयचं काम फूड इम्पोर्ट क्लिअरन्स सिस्टमवर चालतं: आधी कागदांची छाननी, शंका असेल तर खुलासा मागतात, मग शुल्क भरून तपासणीची वेळ घ्यायची. प्रत्येक खेपेचा नमुना घेतलाच जातो असं नाही. माल कुठला, आयातदाराचा आधीचा इतिहास काय, यावर प्रणाली ठरवते.

तपासणी होते सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात. सील क्रमांक कागदाशी ताडून कापतात, दार उघडतं, हमाल पुढच्या दोन-तीन रांगा उतरवतात. अधिकारी मधल्या रांगेतला एखादा खोका मागतो, डबा बाहेर काढतो, त्यावरचा बॅच क्रमांक पॅकिंग लिस्टवर शोधतो. इथे फार मंडळी अडकतात. पॅकिंग लिस्टवर चार बॅच आणि आत पाचवा निघाला, तर तो माल कागदावर नसलेला ठरतो. अधिकारी वास घेतो, कीड आहे का बघतो, लेबल वाचतो. या पाहणीतच दोष निघाला तर नमुना न घेता थेट नकार मिळू शकतो. सगळं ठीक असेल तर नमुन्याचे दोन भाग काढून सील होतात. एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो आणि दुसरा राखून ठेवतात. प्रयोगशाळेने अहवाल पाच दिवसांत द्यायचा असतो.

एफएसएसएआयचं ना-हरकत, इतर खात्यांचं ना-हरकत आणि शुल्काची पावती, हे सगळं जुळलं की कस्टम माल बाहेर सोडतं. त्या दिवशी तुमचा माणूस तिथे हवा. लातूरला बसून फोनवर यार्ड हाकता येत नाही.

प्रयोगशाळेत माल नापास झाला तर?

अहवाल मान्य नसेल तर राखून ठेवलेला दुसरा नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी करता येते. मुदत थोडी असते, त्यामुळे अहवाल आल्याच्या दिवशीच ठरवा. तिथेही नापास झाला तर दोनच वाटा उरतात: स्वतःच्या खर्चाने परत पाठवणं किंवा नष्ट करणं. ‘जनावरांना खायला देतो’ म्हणून सोडवून घेता येईल, असं गृहीत धरू नका.

परतीचा खर्च कोणी उचलायचा हे निर्यातदाराशी केलेल्या करारात आधी लिहिलेलं असेल तरच पैसे मिळतात. माल भरण्याआधी त्याच बॅचचा नमुना आपल्याकडच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेणं हा खरा उपाय. त्याला काही हजार रुपये लागतात.

शुल्क कसं काढतात?

समजा मालाची किंमत, जहाजभाडं आणि विमा धरून १०,००,००० रुपये झाली, मूळ सीमाशुल्क ३० टक्के आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) ५ टक्के. मूळ शुल्क झालं ३,००,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ३०,०००. आयजीएसटी लागतो या सगळ्यांच्या बेरजेवर, म्हणजे १३,३०,००० वर, तो ६६,५००. एकूण ३,९६,५००. त्यातला आयजीएसटी पुढे विक्रीच्या जीएसटीतून वजा मिळतो, म्हणून खरा बोजा ३,३०,००० चा. काही मालावर २०२१ पासून कृषी पायाभूत उपकरही असतो, तो वेगळा मिळवायचा.

डॉलरचा दर बँकेचा धरत नाहीत, कस्टमने जाहीर केलेला धरतात. जहाजभाडं किती ते कागदावर नसेल तर मालाच्या किमतीच्या २० टक्के आणि विमा नसेल तर १.१२५ टक्के धरतात. बहुतेक वेळा खरं भाडं त्याहून कमी असतं, म्हणून भाड्याची पावती जोडायला विसरू नका. बिल ऑफ एंट्री तपासून परत आली की एका दिवसात शुल्क भरायचं, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज.

किंमत कमी दाखवून शुल्क वाचवण्याचा सल्ला देणारे भेटतील. कस्टमकडे देशभरातल्या त्याच मालाचे भाव असतात. त्या सल्ल्यामागे जाऊ नका.

डेमरेज आणि डिटेंशन वेगवेगळं असतं का?

हो. माल यार्डात पडून राहिल्याचं भाडं सीएफएस घेतं, ते डेमरेज; कंटेनर वेळेत परत न दिल्याचं जहाज कंपनी घेते, ते डिटेंशन; आणि दोन्ही एकाच वेळी चालू असतात. थंड कंटेनर असेल तर विजेचे पैसे वेगळे. तपासणीला वेळ लागणार असं दिसलं, तर कस्टमच्या परवानगीने माल कंटेनरमधून काढून गोदामात ठेवायची सोय कायद्याच्या कलम ४९ मध्ये आहे. अशाने निदान डिटेंशन थांबतं. उतरल्यापासून ३० दिवसांत माल सोडवला नाही, तर नोटीस देऊन तो विकण्याचा अधिकार यार्डाला मिळतो.

माल जालन्याच्या ड्राय पोर्टला किंवा संभाजीनगरजवळच्या माळीवाड्याला सोडवता येईल का?

माळीवाड्याला कॉनकॉरचा, म्हणजे रेल्वेच्या कंटेनर महामंडळाचा अंतर्देशीय कंटेनर डेपो आहे, आणि जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. जवळ माल सुटला तर आपल्या माणसाला रोज मुंबई गाठावी लागणार नाही, हे खरं. पण खाद्यमालासाठी दोन प्रश्न आधी विचारा. तिथे एफएसएसएआयसाठी नेमलेला अधिकारी आणि नमुन्याची सोय आहे का? आणि माल वनस्पतिजन्य असेल तर त्या पिकाला तो डेपो प्रवेशस्थान म्हणून मान्य आहे का? दोन्हींचं लेखी उत्तर ‘हो’ असेल तरच बिल ऑफ लेडिंगवर ते ठिकाण टाका. नाहीतर न्हावा शेवालाच सोडवून समृद्धी महामार्गाने ट्रक आणलेला बरा.

कस्टम ब्रोकर नेमला की माझी जबाबदारी संपते का?

नाही. बिल ऑफ एंट्रीवरची घोषणा तुमच्या नावाने होते. भरण्याआधी तिची चेकलिस्ट मागवून स्वतः वाचा: कोड, वजन, किंमत, मूळ देश. ब्रोकरकडे परवाना आहे ना आणि त्याने खाद्यमाल आधी सोडवला आहे ना, एवढं विचारून घ्या.

चॉकलेट, चीज, दूध पावडर?

चीनमधलं दूध, दुधाचे पदार्थ आणि ते असलेली चॉकलेटं-मिठाई यांवर मेलामिन या विषारी रसायनाच्या भेसळीमुळे २००८ पासून बंदी आहे. घाऊक बाजारात स्वस्त चिनी चॉकलेट दिसलं तर ते घेऊ नका, मुलं खातात ते.

इतर देशांतल्या दुधाच्या मालाला पशुसंवर्धन खात्याच्या अटींनुसार आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यात जनावरांना रवंथ करणाऱ्या प्राण्यांचं रक्त, मांस वा अवयव घातलेलं खाद्य दिलेलं नाही, हेही लिहिलेलं असावं लागतं. दूध, मांस, अंडी पावडर, बालआहार आणि न्यूट्रास्युटिकल (पोषणपूरक पदार्थ) यांचा परदेशी कारखाना एफएसएसएआयकडे नोंदलेला असणं १ फेब्रुवारी २०२४ पासून सक्तीचं आहे. या मालाने सुरुवात करू नका.

एनर्जी ड्रिंक आणि दारू?

कॅफिनयुक्त पेयात कॅफिन लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम इतकंच चालतं, आणि लहान मुलं, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी इशारा हवा. परदेशातली बरीच पेयं ३०० च्या वर असतात. त्यांची भारतासाठीची बाटली वेगळी असते. दारूला जीएसटी नाही, पण राज्य उत्पादन शुल्क खात्याचे परवाने लागतात. तो पूर्ण वेगळा धंदा आहे.

हज-उमराहून किंवा दुबईहून नातेवाइकांनी आणलेला खजूर दुकानात विकता येईल का?

घरी खायला, वाटायला आणलेला खजूर बॅगेजच्या नियमांत चालतो. विकायला ठेवला की ती आयात झाली आणि वर लिहिलेलं सगळं लागू झालं. प्रदर्शनासाठी किंवा चवीच्या नमुन्यासाठी घोषणापत्र देऊन आणलेला मालही असाच विकता येत नाही.

माल गोदामात पोहोचल्यावर काही उरतं का?

उरतं. अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी बाजारातून तुमच्या डब्याचा नमुना कधीही घेऊ शकतो. बंदरात पास झाला होता, हे तेव्हा पुरत नाही. गोदामात उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेलं चॉकलेट आणि तेल बिघडलं तर जबाबदारी तुमची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्या दोन महिन्यांत असा माल न आणणंच शहाणपणाचं. निकृष्ट मालाला ५ लाखांपर्यंत आणि चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत दंड आहे.

एफएसएसएआयचं वार्षिक विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं; उशिराला रोज १०० रुपये. आणि कोणता बॅच कोणत्या दुकानाला, कोणत्या तारखेला, किती खोके दिला, याची वही ठेवा. उत्पादकाने एखादा बॅच परत मागवला तर २०१७ च्या नियमांनुसार तो बाजारातून उचलण्याचं काम आयातदाराचं असतं, आणि ती वही नसेल तर सेलूपासून उमरग्यापर्यंत प्रत्येक दुकानदाराला फोन करत बसावं लागतं.